दोन मिनिटं, एक विहीर आणि रात्रीची लाइट: परदेशातल्या पहिल्या सादरीकरणाचं एक प्रकरण

हे प्रकरण 2025 सालचं, महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातलं. विद्यार्थिनीचं नाव, गाव आणि विद्यापीठ दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. विभागात असल्यामुळे बराचसा घटनाक्रम जवळून पाहता आला. उरलेला तिच्याशी आणि तिच्या मार्गदर्शकांशी बोलून जुळवला आहे.

पार्श्वभूमी

ती पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात होती. घर पर्जन्यछायेच्या पट्ट्यातलं, वडील कोरडवाहू शेतकरी, घराण्यात पासपोर्ट काढणारी ती पहिलीच. विषय भूजलाचा: प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी विहिरीच्या पाण्याने भरली, तर शेजारपाजारच्या विहिरींच्या पातळीवर काय परिणाम होतो?

विषय कळायला आधी जमीन कळावी लागते. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. या काळ्या पाषाणाच्या पोटात पाणी धरायला मुळातच जागा कमी. जे काही मुरतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या कातळाच्या भेगांत. म्हणूनच आपल्याकडची विहीर ऐसपैस असते, सहा-आठ मीटर व्यासाची. ती उपशाची जागा असते तशी साठवणही असते. पंप बंद झाला की झरे तिला हळूहळू भरत राहतात.

शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायची. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना 2016 मध्ये आली आणि शेततळी झपाट्याने वाढली. पण डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी वेगळंच घडलं. पावसाळ्याच्या अखेरीस विहिरी तुडुंब असताना पंप लावून शेततळं भरून घ्यायचं आणि उन्हाळ्यात ते बागेला पुरवायचं. जमिनीखाली असेपर्यंत जे पाणी सगळ्या शिवाराचं होतं ते शेततळ्याच्या कागदावर आलं की एकाचं होतं, आणि वर उन्हाने उडून जातं ते वेगळंच. अभ्यासकांत हा मुद्दा नवा नाही. तिचं वेगळेपण इतकंच की एकाच पाणलोटातल्या वीसेक विहिरींची पातळी तिने दर आठवड्याला स्वतः टेप सोडून मोजली होती. सरकारी निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून मोजक्या वेळा होते, त्यामुळे आठवड्याच्या नोंदींना मोल होतं.

पहिला निर्णय: कोणतं सत्र

युरोपियन जिओसायन्सेस युनियन या भूविज्ञान संशोधकांच्या संघटनेची वार्षिक सभा व्हिएन्नात भरते. पंधरा हजारांहून जास्त लोक येतात. 2025 ची सभा 27 एप्रिल ते 2 मे अशी होती आणि गोषवारा जानेवारीच्या मध्यापर्यंत पाठवायचा होता. इथे आधी सत्र निवडावं लागतं, आणि सत्रावरून सादरीकरणाचा प्रकार ठरतो. काही सत्रांत भाषणं आणि पोस्टर असतात, काही सत्रं ‘पिको’ पद्धतीची असतात. पिकोत प्रत्येकाला आधी सगळ्यांसमोर फक्त दोन मिनिटं मिळतात. ती फेरी संपली की जो तो आपापल्या टचस्क्रीनपाशी उभा राहतो, आणि ज्याला रस असेल तो तिथे येऊन बोलतो.

मार्गदर्शक सरांचा कल भाषणाच्या सत्राकडे होता. बायोडेटात ‘मौखिक सादरीकरण’ असं लिहिता येतं, निवड समित्यांपुढे त्याला वजन असतं. सहमार्गदर्शक मॅडमचं म्हणणं वेगळं होतं: पहिल्याच गोषवाऱ्याला भाषण मिळेल याची खात्री नाही, आणि न मिळालं तर पोस्टर वाट्याला येईल. त्यापेक्षा पिकोचं सत्र विषयाला जास्त जवळचं आहे, कमी पाण्याच्या खडकांतलं भूजल हाच त्याचा मथळा आहे. तिने स्वतः पिको निवडलं. कारण विचारल्यावर म्हणाली, “दोन मिनिटं कशीही निभावतील. नंतर एकेकाशी बोलायचंय, ते मला जमतं.” शेतकऱ्यांशी बांधावर उभं राहून बोलण्यात तिची दोन वर्षं गेली होती, त्यामुळे हा अंदाज हवेतला नव्हता.

निर्णय योग्य होता असं माझं मत आहे. आपल्याकडे अजून भाषण म्हणजे मान आणि पोस्टर म्हणजे दुय्यम असा समज आहे. पण भाषणानंतर प्रश्नांना उरतात दोन-तीन मिनिटं. त्यात जे घडलं नसतं ते पुढे स्क्रीनपाशी घडलं.

अडचण: पैसा आणि कागद

गोषवारा स्वीकारला गेला आणि खरी तारांबळ सुरू झाली. सभा भरवणाऱ्या संस्थेची तरुण संशोधकांसाठी प्रवासमदत असते, पण तिची मुदत गोषवाऱ्याच्या मुदतीच्या बरीच आधी, डिसेंबरच्या सुरुवातीला संपते. हे विभागात कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. केंद्राच्या प्रवास अनुदानासाठी अर्ज केला, तो मंजूर होईल की नाही आणि झाला तर कधी, हे सांगता येत नव्हतं. शिवाय अशा अनुदानात पैसे आधी आपले जातात, भरपाई मागाहून मिळते.

व्हिसाचं गणित याहून अवघड होतं. ऑस्ट्रिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येतं. शुल्क 90 युरो, किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, जाण्या-येण्याचं आरक्षण, राहण्याची सोय, विद्यापीठाचं ना हरकत पत्र, आणि खात्यात पैसे असल्याचा पुरावा. घोडं अडलं ते या शेवटच्या कलमापाशी. तिची फेलोशिप अनेक महिने थकली होती. खात्यात महिनाअखेरीला दोन-तीन हजार उरत. बँकेचा उतारा म्हणजे सगळा उघडा हिशेब: मित्राकडून उसने, त्याला परत, मेसचे, पेट्रोलचे.

अर्जाचा निर्णय साधारण 15 दिवसांत देतात, पण ही मुदत 45 दिवसांपर्यंत जाऊ शकते. मार्च उजाडला होता आणि अर्ज अजून तयार नव्हता, म्हणजे 45 दिवस धरले तर सभा हातची जाणार होती.

समोरचे पर्याय

मामांनी सुचवलेला उपाय सर्वांत सोपा वाटत होता. तीन लाख तुझ्या खात्यात टाकतो, व्हिसा मिळाला की परत दे. आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि अनेकदा याच उपायाने अर्ज अडतो. महिनोन्महिने रिकाम्या असलेल्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आली, तर तपासणाऱ्याला पहिला प्रश्न तिचाच पडतो.

दुसरा पर्याय, वडिलांना खर्चाचे हमीदार दाखवायचं. त्यांच्याकडे सातबारा होता, आयकर विवरणपत्र नव्हतं. बचत गावच्या पतसंस्थेत, पासबुक हाताने लिहिलेलं. जमीन नावावर असणं आणि खर्चायला पैसा असणं यांतला फरक सातबाऱ्यावरून कळत नाही.

तिसरा, सरांच्या संशोधन प्रकल्पातल्या प्रवासाच्या शीर्षातून खर्च करायचा. पण ती रक्कम क्षेत्रभेटींसाठी होती. ती व्हिएन्नासाठी खर्च केली तर एप्रिल-मेच्या गाडीभाड्याला कात्री लागणार, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या, सर्वांत महत्त्वाच्या नोंदींवर गदा येणार. दुसरा एक विद्यार्थी त्याच प्रकल्पावर होता, त्याचंही काम त्यात अडकलेलं.

चौथा, न जाता ऑनलाइन सहभाग घ्यायचा. खर्च बराच कमी. मॅडमनी हा पर्याय शेवटपर्यंत उघडा ठेवायला सांगितलं आणि तसा तो ठेवलाही.

काय केलं

तिसरा पर्याय ठरला. निधी देणाऱ्या संस्थेकडून परदेश प्रवासासाठी लेखी परवानगी मागवली. कुलसचिवांच्या सहीचं पत्र तयार झालं. त्यात ‘विद्यापीठ खर्च करेल’ असं मोघम वाक्य न लिहिता विमानभाडं, नोंदणी आणि निवास कोणत्या प्रकल्पातून होणार, किती रकमेपर्यंत, हे कलमवार लिहिलं. मूळ मसुद्यात मोघम वाक्यच होतं, मॅडमनी तो परत पाठवला. बँकेचा उतारा होता तसाच जोडला. सोबत फेलोशिपचं नेमणूकपत्र आणि अर्जदाराच्या पत्रात दोन ओळी: फेलोशिप मंजूर आहे, रक्कम थकीत आहे, म्हणून शिल्लक कमी दिसते. परत येण्याचा पुरावा म्हणून प्रबंध सादर करण्याची नियोजित तारीख ना हरकत पत्रातच घातली.

तिकिटाचा किस्सा मात्र थोडक्यात टळला. एका संकेतस्थळावर स्वस्त तिकीट दिसलं म्हणून ती रात्रीच काढून टाकणार होती. लेखा विभागातल्या मॅडमनी योगायोगाने अडवलं. प्रकल्प केंद्राच्या पैशाचा होता, आणि त्या पैशातून विमानप्रवास करायचा तर तिकीट ठरलेल्या तीन एजन्सींपैकी एकीकडूनच काढावं लागतं: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी. एअर इंडिया टाटांकडे गेल्यावर त्याच कंपनीने जायची सक्ती संपली, एजन्सींची अट राहिली. स्वस्त तिकीट काढलं असतं तर बिल नामंजूर झालं असतं, आणि ते पैसे मामांकडून उसने घेतलेले असते.

पासपोर्ट व्हिसासह परत आला तेव्हा निघायला जेमतेम आठवडा उरला होता.

दोन मिनिटांची तयारी

इकडे कागदपत्रांच्या धावपळीत सादरीकरण मागे पडलं होतं. विभागातल्या पहिल्या रंगीत तालमीत ती चार मिनिटांहून जास्त बोलली आणि तेव्हा कुठे पद्धतीच्या पानावर आली होती. एकाच आलेखावर सगळ्या विहिरींच्या रेषा. रंग संपले म्हणून तुटक रेषा काढलेल्या.

इथे दोघा मार्गदर्शकांत उघड मतभेद झाला. सरांना पद्धत हवी होती: मोजमाप कसं घेतलं, किती विहिरी, कोणती सांख्यिकी चाचणी. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “विहिरीचा फोटो कुठंय?” तो नव्हता. आपल्याला विहीर काय ते सांगावं लागत नाही. पण समोरच्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे वीतभर रुंदीचं बोअर येणार, आणि पाण्याची पातळी दिवसातून इतकी वरखाली का होते हे त्यांना उलगडणारच नाही.

शेवटी एक विहीर निवडली. पहिल्या पानावर तिचा फोटो: दगडी बांधणी, काठावर उभा मालक, त्यामुळे रुंदीचा अंदाज येतो. पलीकडे निळ्या कागदाचं शेततळं, दोन्हींच्या मधला पाइप स्पष्ट दिसतोय. दुसऱ्या पानावर त्या एकाच विहिरीची वर्षभराची पातळी. बाकी सगळं, चाचण्यांसकट, टचस्क्रीनवरच्या मागच्या पानांत. सरांना हे पटलं नव्हतं, “विज्ञान कमी आणि फोटो जास्त” असं ते म्हणाले, पण निर्णय त्यांनी तिच्यावर सोडला. वेगळं मत असूनही विद्यार्थ्याला त्याच्या मनासारखं करू देणारे मार्गदर्शक फार नसतात, म्हणून याची नोंद करतो.

इंग्रजीची तिला धास्ती होती आणि पूर्ण मजकूर पाठ करायचा तिचा बेत होता. मॅडमनी फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करायला लावलं. मधलं फोटोकडे बोट दाखवत सांगायचं. पाठांतर मध्येच तुटलं तर माणूस गोंधळतो, फोटो समोर असला की बोलायला काहीतरी सुचतंच.

तालमीला विभागातले प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी होते. प्रश्न बहुतेक चाचण्यांवर आणि उच्चारांवर आले.

व्हिएन्नात

दोन मिनिटं ठीक गेली. घड्याळ संपायच्या आत ती शेवटच्या वाक्याला पोहोचली. सत्र एक तास पंचेचाळीस मिनिटांचं, त्यातला उरलेला वेळ स्क्रीनपाशी.

पहिल्यांदा आला तो इथिओपियाच्या पठारावर काम करणारा एक संशोधक. तिथेही बेसाल्टच आहे आणि हाताने खणलेल्या विहिरीही. फोटो बघूनच तो थांबला होता. त्याच्याशी बोलताना तिची भीड चेपली.

मग एक ज्येष्ठ संशोधिका आल्या. आलेख शांतपणे पाहिला आणि विचारलं, पातळी कधी मोजता? तिने सांगितलं, सकाळी साडेसहाच्या सुमारास, पंप सुरू व्हायच्या आधी, म्हणजे पातळी स्थिर असते. पुढचा प्रश्न आला: रात्री पंप चालत नाहीत?

चालतात. शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, आपल्याकडे काही दिवस दिवसा वीज मिळते आणि काही दिवस रात्री. ‘रात्रीची लाइट’ असेल त्या दिवसांत शेतकरी रात्री-अपरात्री उठून मोटर चालू करतो. अशा दिवशी सकाळी साडेसहाची पातळी स्थिर नसते, रात्रभर उपसलेली असते. म्हणजे आलेखावरचे काही बिंदू एका प्रकारचे होते, काही दुसऱ्या प्रकारचे, आणि दोन्ही एकाच रेषेने जोडलेले. शेततळ्यामुळे पातळी खाली गेली असं जिथे ती म्हणत होती, तिथला काही भाग नुसत्या रात्रीच्या उपशाचा असू शकत होता.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथे, काही सेकंदांत झाला. झरे वेगाने भरतात, फरक पडत नाही, असं ठोकून देणं शक्य होतं. समोरच्या बाईंना तिथली वीज कधी येते हे कळायचा काही मार्ग नव्हता. तिने सांगितलं की रात्री वीज असते तेव्हा पंप चालतात, कोणत्या आठवड्यात रात्रीची वीज होती हे क्षेत्रवहीत बहुतेक ठिकाणी लिहिलेलं आहे, पण आलेखात ते वेगळं केलेलं नाही. त्यावर संशोधिका म्हणाल्या की मग आधी ते वेगळं करा, निष्कर्ष नंतर. आणि पुढची वीस मिनिटं दोघींनी स्क्रीनवरच बिंदू तपासले.

नंतर एकाने अवघड प्रश्न टाकला: सरकारची योजनाच चुकीची आहे असं तुमचं म्हणणं आहे का? तिने उत्तर मोजूनमापून दिलं. विहिरीच्या पाण्याने भरलेल्या, कागद अंथरलेल्या शेततळ्यांबद्दलच माझ्याकडे नोंदी आहेत. पावसाच्या पाण्याने भरणाऱ्या शेततळ्यांबद्दल नाहीत. हा प्रश्न तालमीत आला होता, त्यामुळे उत्तर तयार होतं.

निष्पत्ती

परत आल्यावर तिने सगळ्या नोंदी दिवसाच्या आणि रात्रीच्या विजेनुसार वेगळ्या केल्या. काही विहिरींवरचा शेततळ्याचा परिणाम त्यात विरघळून गेला. शेततळ्यांना अगदी लागून असलेल्या विहिरींवर तो टिकला, आणि आता तो जास्त भक्कमपणे मांडता येतो. प्रबंधातलं एक प्रकरण जवळजवळ नव्याने लिहावं लागलं. सर आधी वैतागले, मग त्यांनीच नव्या विश्लेषणाची रचना सुचवली.

इथिओपियावर काम करणाऱ्या संशोधकाशी दोन-तीन ईमेल झाल्या, पुढे काही घडलं नाही. ‘आंतरराष्ट्रीय संपर्क’ या नावाने प्रत्येक अर्जात जे लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा एवढंच असतं.

हिशेब मिटायला दिवाळी उजाडली. परतीच्या एका टप्प्याचा बोर्डिंग पास फक्त मोबाइलवर होता आणि प्रवास संपल्यावर तो ॲपमधून गेला. लेखा विभागाला कागद हवा होता. विमान कंपनीकडून प्रवास केल्याचा दाखला मिळवण्यात कित्येक आठवडे गेले. केंद्राचं अनुदान मिळालं नाही. एप्रिल-मेच्या क्षेत्रभेटी कमी झाल्या, आणि त्याचा फटका तिच्यापेक्षा दुसऱ्या विद्यार्थ्याला जास्त बसला. मंजुरीच्या वेळी त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

कागदांच्या बाजूचं बरंचसं उघड आहे. प्रवासमदतीची मुदत डिसेंबरची असेल तर गोषवारा नोव्हेंबरातच तयार हवा. पासपोर्ट पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी काढून ठेवावा, पोलीस पडताळणी गावच्या पत्त्यावर अडकते. बोर्डिंग पास विमानतळावर छापून घ्यावा, निदान स्क्रीनचं चित्र तरी काढून ठेवावं. प्रकल्पाच्या पैशातून एक जण परदेशी जात असेल तर त्याच पैशावर अवलंबून असलेल्या दुसऱ्याला आधी समोर बसवून बोलावं.

जाणंच आवश्यक होतं का, यावर विभागात अजून दोन मतं आहेत. सर म्हणतात, ऑनलाइन सादर केलं असतं तर तो प्रश्न आला नसता. मला ते तितकंसं पटत नाही. प्रश्न व्हिएन्नातच सापडेल असा दुर्मीळ नव्हता. तालमीला जे बसले होते त्यांच्यापैकी कुणाच्याही घरी रात्री मोटर चालू करायला उठावं लागत नाही, म्हणून तो कुणाला सुचला नाही. चाचण्यांवर प्रश्न विचारणारे दहा जण होते, विहिरीचा मालक एकही नव्हता.

विहिरीच्या मालकाला विचारायचं काम तिनेच नंतर केलं. सुधारलेले आलेख घेऊन ती गावात गेली आणि ज्या विहिरीचा फोटो व्हिएन्नात दाखवला होता तिच्या मालकांपुढे लॅपटॉप उघडला. रात्रीच्या लाइटची भानगड सांगितल्यावर अण्णा म्हणाले, “मग हे आधी विचारायचंस की, ताई. वहीत कशाला शोधतीस, सबस्टेशनात लिहिलेलं असतंय.” वीज उपकेंद्राच्या लॉगबुकात फीडर कधी चालू झाला आणि कधी बंद, याच्या तासवार नोंदी होत्या. तिच्या वहीत ज्या आठवड्यांचा उल्लेख राहून गेला होता, ते त्यातून भरून निघाले. त्या नोंदींच्या प्रती मिळवायला विद्यापीठाचं आणखी एक पत्र लागलं, आणि या वेळी त्याचा मसुदा तिनेच कलमवार लिहून नेला.